निरसं दूध, बर्ड फ्लू आणि पाश्चरायझेशन : घरी नेमकं काय करायचं आणि कुठे चुकतं

पाश्चरायझेशनने, म्हणजे दूध ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ तापवल्याने, दुधातला बर्ड फ्लूचा व्हायरस मरतो का, तर हो, मरतो. हे आधीच सांगून टाकते, कारण बरेच जण उत्तर ऐकून तिथेच थांबतात आणि खरी गडबड त्याच्या पुढे होते. मी कॅलिफोर्नियात राहते. इथे २०२४ च्या ऑगस्टअखेरीला पहिल्या गोठ्यात एच५एन१, म्हणजे हाच बर्ड फ्लूचा व्हायरस, सापडला आणि बघता बघता ७०० च्या वर गोठ्यांत पोचला, १८ डिसेंबर २०२४ ला राज्यात आणीबाणी जाहीर झाली. तेव्हापासून आपल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर तेच तेच मेसेज येतात. कुणी दुकानातलं दूध बंद केलंय, कुणी उलट "फार्मचं ताजं, केमिकल नसलेलं" म्हणून निरसं दूध आणायला लागलंय, आणि विचारलं की म्हणतात आम्ही तापवतोच की. तापवतात, पण कसं? वाफ आली की गॅस बंद, मग ज्या बाटलीतून ओतलं त्याच बाटलीत परत. हे तापवणं नाही, ही फक्त मनाची समजूत.

म्हणून एकेक टप्पा सांगते. क्रम बदलू नका, क्रमातच सगळं आहे.

टप्पा १ : कुठल्या दुधाची काळजी करायची ते ठरवा

एप्रिल २०२४ मध्ये बातमी आली की अमेरिकेतल्या दुकानांतल्या दर पाच नमुन्यांपैकी एकात बर्ड फ्लूच्या व्हायरसचे अंश सापडले, आणि लोक घाबरले. पण ती टेस्ट पीसीआर होती. पीसीआर व्हायरसचे तुकडेही ओळखते, मग तो जिवंत असो की मेलेला. जिवंत आहे का हे बघायला नमुना कोंबडीच्या गर्भ असलेल्या अंड्यात टोचून बघतात, तिथे व्हायरस वाढला तर जिवंत. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने (एफडीए) दुकानातल्या दूध-दुग्धपदार्थांच्या २९७ नमुन्यांवर हे केलं आणि एकातही जिवंत व्हायरस मिळाला नाही.

याउलट बाधित राज्यांतल्या मोठ्या टाक्यांतलं कच्चं दूध तपासलं तेव्हा निम्म्याहून जास्त नमुने पीसीआरला पॉझिटिव्ह आले, आणि त्यांतल्या साधारण चौथ्या हिश्श्यात जिवंत व्हायरस होता. म्हणजे दूध तेच, फरक फक्त उष्णतेचा.

अजून एक गोंधळ. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या सरकारी संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत छोट्या नळ्यांमध्ये बाधित दूध ७२ अंशाला (सगळीकडे सेल्सिअसच समजा) तापवलं, तर एका नमुन्यात २० सेकंदांनंतरही थोडा जिवंत व्हायरस उरला. तेवढीच बातमी फिरली. पण डेअरीत दूध नळीत ठेवून गरम करत नाहीत, ते गरम प्लेट्समधून वाहत वाहत तापतं आणि मग १५ सेकंद होल्डिंग ट्यूबमधून, म्हणजे दूध तेवढा वेळ गरमच ठेवणाऱ्या नळीतून, जातं. तशा चालू प्रवाहाच्या यंत्रावर एफडीए आणि कृषी खात्याने प्रयोग केला, निकाल जून २०२४ मध्ये आला, आणि दिसलं की व्हायरस होल्डिंग ट्यूबमध्ये पोचायच्या आधीच, तापतानाच मरतो. एका मिलीलिटरमध्ये एक लाख कोटी व्हायरस असते तरी संपले असते, इतका तो फरक. यातून आपण घरी काय घ्यायचं, तर डेअरीचे १५ सेकंद हे डेअरीच्या यंत्राचे आहेत, आपल्या पातेल्याचे नाहीत. घरी जास्त वेळ द्यायचा.

टप्पा २ : लेबल वाचा

बाटलीवर "पाश्चराइज्ड" किंवा "अल्ट्रा-पाश्चराइज्ड" असा शब्द शोधा. एवढा एकच शब्द. बाकी जे मोठ्या अक्षरांत असतं त्याचा या प्रश्नाशी संबंध नाही :

- "ऑरगॅनिक", "ग्रासफेड", "ए२" याने दूध कच्चं की तापवलेलं ते कळत नाही. ए२ दूध कच्चंही मिळतं आणि पाश्चराइज्डही.
- "नॉन-होमोजिनाइज्ड" किंवा "क्रीमलाइन" म्हणजे फक्त मलई वर येऊ दिलेली. बहुतेक वेळा ते पाश्चराइज्ड असतं, पण शब्द शोधून खात्री करा.
- "व्हॅट" किंवा "लो-टेम्परेचर पाश्चराइज्ड" म्हणजे ६३ अंशाला ३० मिनिटं. हे पूर्ण पाश्चरायझेशन आहे, चालतं. ज्यांना उकळीची चव नको आणि साय मात्र हवी, त्यांनी निरशाच्या मागे न लागता हे दूध शोधावं, मी स्वतः दह्याला हेच आणते.
- "रॉ" किंवा "फक्त पाळीव प्राण्यांसाठी" म्हणजे निरसं. काही राज्यांत माणसांसाठी कच्चं दूध विकता येत नाही म्हणून ही दुसरी चिठ्ठी लावतात. ते माणसालाही नको आणि मांजराला तर मुळीच नको. टेक्सासमधल्या एका फार्मवर २४ च्या आसपास मांजरं आजारी गायींचं दूध प्यायली होती, त्यातली निम्म्याहून जास्त मेली.

तपासा : पाश्चराइज्ड दूध आणलंय? मग बर्ड फ्लूसाठी ते परत उकळायची गरज नाही. सवयीने उकळत असाल तर उकळा, त्यात वाईट काही नाही. पुढचे टप्पे घरात निरसं दूध येतं त्यांच्यासाठी. माझं मत विचाराल तर साथ चालू असताना ते आणूच नये, पण आणणारे आणतात हे मला माहीत आहे, म्हणून लिहितेय.

टप्पा ३ : तयारी, दूध घरात यायच्या आधी

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, कारण कुणाला ही पायरी वाटतच नाही.

१. वासावर, रंगावर जाऊ नका. "आमचा फार्मवाला ओळखीचा आहे, गायी ठणठणीत आहेत" हे मी फार वेळा ऐकलंय. आजारी गायीचं दूध घट्ट आणि पिवळसर होतं, आपल्या चिकासारखं, हे खरं. पण काहीच लक्षण नसलेल्या गायींच्या दुधातही व्हायरस सापडलाय. आणि फार्मचं दूध एका गायीचं नसतं, टाकीतलं असतं.

२. दोन वेगळे सेट ठेवा. एक निरशासाठी : पातेलं, ओगराळं, गाळणं. दुसरा तापवलेल्यासाठी : झाकण, डाव, साठवायची बरणी. मी निरशाच्या भांड्यांना हँडलला लाल दोरा बांधलाय, घरात पाहुणे आले की तेही चुकत नाहीत.

३. थर्मामीटर घ्या आणि तो खरं बोलतो का बघा. बर्फ भरपूर घातलेल्या पाण्यात ० च्या आसपास दाखवायला हवा, उकळत्या पाण्यात समुद्रसपाटीजवळच्या गावात १०० च्या आसपास. तीन-चार अंशांचा फरक असेल तर दुसरा आणा.

४. बाटली बाहेरून पुसा. फार्मवरून आलेल्या बाटलीच्या गळ्याला दुधाचा ओघळ असतोच, ती तशीच फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी जाते. साबणाच्या पाण्याने पुसा, हात धुवा, खालच्या कप्प्यात वेगळी ठेवा. या व्हायरसवर चरबीचं आवरण असतं, साबणाने ते फुटतं, त्यामुळे साधं साबण-पाणी इथे खरंच कामाचं आहे.

सावधान : ओतताना उंचावरून धार धरू नका. अमेरिकेत जे डेअरी कामगार आजारी पडले त्यांच्यात डोळे लाल होणं हे ठळक लक्षण होतं, म्हणजे दुधाचा शिंतोडा आणि तोच हात डोळ्याला लागणं हा एक रस्ता असावा. हात धुवेपर्यंत डोळे चोळायचे नाहीत, आणि लहान मुलं त्या वेळी ओट्यापाशी नकोत.

फ्रिजवर विसंबू नका. व्हायरस दुधात वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागतात. पण टिकतो मात्र खूप. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी बाधित दूध ४ अंशाला पाच आठवडे ठेवलं तरी त्यात जिवंत व्हायरस होता. डीप फ्रीझ तर त्याला जपून ठेवण्यासारखंच आहे.

टप्पा ४ : तापवणं

सोपी आणि चुकायला कमी जागा असलेली पद्धत म्हणजे पूर्ण उकळी. ती अशी :

१. जाड बुडाचं पातेलं, निम्म्याच्या वर भरू नका. काठोकाठ भरलं की दूध ऊतू जाईल या भीतीने माणूस गॅस लवकर बंद करतो, आणि तिथेच घात होतो.

२. मध्यम आच. तळापासून ढवळत राहा, कडेचं दूध मध्ये आणा. साय धरायला लागली तर ती मोडून आत ढकला, तिच्यावर थंड दूध राहता कामा नये.

३. पातेल्याच्या आतल्या भिंतीवर वर जे थेंब उडालेले असतात ते डावाने गरम दुधात ओढून घ्या. हे कुणी करत नाही. ते थेंब तापलेलेच नसतात आणि नंतर दूध ओतताना अलगद खाली येतात. डेअरीत व्हॅट पाश्चरायझेशनला दुधाच्या वरची हवासुद्धा ठरलेल्या किमान तापमानापेक्षा जास्त गरम ठेवावी लागते, ती या फेसासाठी आणि थेंबांसाठीच.

४. दूध वर आलं की बंद नाही करायचं, आच कमी करायची. खाली बसू द्या, परत ढवळा, आणि मंद उकळीवर दोन-तीन मिनिटं ठेवा.

५. झाकण घाला, दोन मिनिटं तसंच राहू द्या म्हणजे वरची कड आणि झाकणाची आतली बाजू वाफेने तापते.

मी एकदा मुद्दाम थर्मामीटर लावून बसले होते, दोन लिटर दूध, स्टीलचं पातेलं. वाफ दिसायला लागली तेव्हा आकडा होता ५८. आमच्याकडे बरेच जण इथेच "तापलं" म्हणतात. कडेला बारीक बुडबुडे आले तेव्हा ८१. आणि थर्मामीटरचं टोक बुडाला टेकलं की लगेच सात-आठ अंश जास्त दाखवायचा, मध्यात धरला की खाली. म्हणून टोक नेहमी दुधाच्या मध्यात, बुडाला नाही, भिंतीला नाही, आणि वाचायच्या आधी ढवळून.

डेन्व्हरसारख्या उंचावरच्या गावात पाणी ९५ च्या आसपास उकळतं. तरी काळजी नको, आपल्याला लागणाऱ्या तापमानाच्या ते खूप वर आहे.

उकळायचं नसेल तर : ६३ अंशाला ३० मिनिटं. पण ६३ वर काटा नाचवत बसू नका, ६६-६८ वर धरा. पातेलं गरम पाण्याच्या दुसऱ्या पातेल्यात ठेवा, झाकण ठेवा, दर दोन मिनिटांनी ढवळा, आणि वेळ तेव्हापासून मोजा जेव्हा सगळं दूध ६६ ला पोचलं. मध्ये एकदा जरी ६३ च्या खाली गेलं तर घड्याळ परत शून्यापासून. एवढा धीर नसेल तर उकळाच.

हे चालत नाही : मायक्रोवेव्हमध्ये कपभर दूध गरम करून पिणं (एका जागी उकळतं, दुसरीकडे कोमट राहतं), गरम चहात वरून निरसं दूध घालणं, बाळाच्या बाटलीसारखं कोमट करणं. चहात दूध घालून चांगली उकळी आणत असाल तर ते वेगळं.

तपासा : पूर्ण दूध उकळलं? भिंतीवरचे थेंब आत गेले? दोन-तीन मिनिटं झाली? तिन्हीला हो असेल तरच पुढे.

टप्पा ५ : थंड करणं आणि साठवणं

निरशात बुडालेला डाव आता या दुधात परत जाता कामा नये. ढवळायचा डाव दुधाबरोबरच उकळला असेल तर तो ठीक, पण बाटलीतून काढायला वापरलेलं ओगराळं नाही. दूध आणलं ती बाटली नुसती विसळून त्यात परत भरणं ही मी पाहिलेली सगळ्यात मोठी चूक, सगळी मेहनत तिथे पाण्यात. स्वच्छ, गरम पाण्याने धुतलेली दुसरी बरणी घ्या.

पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवा, दूध लवकर थंड होईल, आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्या. हे व्हायरससाठी नाही, बॅक्टेरियासाठी. उकळीतून काही बॅक्टेरियांचे बीजाणू वाचतात आणि कोमट दुधात ते जागे होतात. ओटा, सिंक, नळाची खुंटी साबणाने पुसून घ्या. दूध काढायच्या यंत्रांच्या रबरावर आणि स्टीलवर हा व्हायरस काही तास जिवंत राहतो असं दिसलंय, आपला ओटाही शेवटी स्टीलचा किंवा दगडाचाच आहे.

टप्पा ६ : पुढचे पदार्थ

दही. आपल्याकडे दूध उकळून, कोमट करून विरजण लावतात, ती पद्धत बरोबर आहे. चुकतात ते इथल्या "रॉ योगर्ट"च्या रेसिपी बघून करणारे, ज्यात दूध ४०-४३ अंशाला नेऊन थेट विरजण घालतात. तेवढ्या उष्णतेने काहीच मरत नाही. आंबटपणाने मरेल असं म्हणू नका. कॉर्नेल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी कच्च्या दुधाचं चीज करून बघितलं : पीएच (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) ५ ला व्हायरस टिकला नाही, पण ५.८ आणि ६.६ च्या चीजमध्ये तो ४ अंशाला १२० दिवस जिवंत राहिला. घरात दही कुठल्या तासाला किती आंबट होतं ते कुणी मोजत नाही, त्यामुळे भरवसा उष्णतेवरच. आणि दुकानातून कच्च्या दुधाचं चीज घेताना "६० दिवस मुरवलेलं" वाचून निर्धास्त होऊ नका, त्याचं कारण हेच आहे.

लोणी, ताक, तूप. तापवलेल्या दुधाची साय असेल तर प्रश्नच नाही. पण निरशावरची मलई तशीच घुसळली तर लोणी निरसं आणि ताकही निरसं. तूप कढताना १०० च्या वर जातं, ते सुटलं. ताक मात्र मीठ-जिरं घालून घरभर वाटलं जातं. मलई आधी तापवा, मग विरजा.

पनीर. दूध उकळून नासवता, ठीक आहे. उकळीच्या आधी लिंबू पिळू नका.

खरवस. इथे थांबून वाचा. चीक उघड्यावर उकळता येत नाही, तो थिजतो, म्हणून सगळं मिश्रण कच्चंच हातात असतं : गूळ विरघळवणं, वेलची-जायफळ, आणि गोडी बघायला चमचा तोंडात. तो चमचा नको. गुळाचं प्रमाण मोजून घाला, गोडीचा अंदाज गूळ पाण्यात विरघळवून घ्या. खोल डब्यात एकदम न लावता दोन बोटं उंचीच्या ताटलीत लावा, अर्धा तास चांगली वाफ द्या, आणि सुरी टोचून बघतो तसाच थर्मामीटर अगदी मध्ये टोचून बघा, ७५ च्या वर असायला हवा. कडेला घट्ट आणि मध्ये लपलपीत असेल तर परत वाफेवर. आणि कुणी फार्मवाला "पिवळं घट्ट दूध आहे, तुम्हाला आवडतं ना" म्हणून देऊ करत असेल तर गाय कधी व्याली हे विचारा. व्यालेली नसताना दूध चिकासारखं येत असेल तर ती गाय आजारी असू शकते, ते दूध घेऊ नका, आणि तिला डॉक्टरला दाखवायला सांगा.

टप्पा ७ : पूजेचं दूध

सत्यनारायण, महाशिवरात्रीचा अभिषेक, पंचामृत. "देवाला उकळलेलं चालत नाही, निरसंच हवं" म्हणून लोक मुद्दाम फार्मवर जातात, आणि मग ते तीर्थ पन्नास माणसं पळीपळीने घेतात, त्यात आजी-आजोबा, पोटुशी बाई, तान्ही पोरं सगळी. माझी मनापासून विनंती आहे, दुकानातलं पाश्चराइज्ड दूध आणा आणि घरी न उकळता तसंच वापरा. आमच्या इथल्या गुरुजींना मी विचारलं होतं, ते म्हणाले चुलीवर चढलं नाही ना, मग चालेल. तुमच्या गुरुजींना विचारून घ्या. मूर्तीवर निरसं घालायचंच असेल तर ते तीर्थात मिसळू नका, वेगळ्या भांड्यात धरा.

गावाकडून विचारणाऱ्यांसाठी : गायींमधली ही मोठी साथ अमेरिकेतली. महाराष्ट्रात २००६ साली नवापूरला जो बर्ड फ्लू आला तो कोंबड्यांतला होता. पण धारोष्ण दूध तसंही पिऊ नये, क्षय आणि ब्रुसेलोसिस (गुरांकडून माणसाला होणारा तापाचा आजार) त्यातून येतात. गवळ्याचं दूध टप्पा ४ प्रमाणे उकळा, पिशवीचं पाश्चराइज्ड असतं.

टप्पा ८ : चुकून निरसं प्यायलात किंवा दूध उरलं

प्यायलात म्हणजे आजार झालाच असं नाही. अमेरिकेत माणसांतले बहुतेक रुग्ण गोठ्यात किंवा कोंबड्यांत काम करणारे होते, दूध पिऊन झालेले नव्हेत. पण दुधातून दिलेला व्हायरस उंदरांना आजारी करतो हे प्रयोगात दिसलंय, म्हणून १० दिवस लक्ष ठेवा : ताप, खोकला, घसा, अंगदुखी, आणि खास करून डोळे लाल होणं. यातलं काही झालं तर दवाखान्यात जायच्या आधी फोन करा आणि "निरसं दूध प्यायले होते" हे पहिल्याच वाक्यात सांगा, ते आपणहून विचारत नाहीत. फ्लूवरचं औषध लवकर सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं.

उरलेलं निरसं दूध मांजराच्या वाटीत नाही, कुत्र्याच्या नाही, झाडाच्या बुंध्याशीही नाही, तिथे पक्षी आणि भटकी मांजरं येतात. आधी उकळा, मग सिंकमध्ये ओता, आणि पातेलं, गाळणं, ओगराळं त्याच वेळी साबणाने घासून टाका.